कोपरा नसलेलं कार्ड

माझ्या मायचा कोणावरच भरोसा नव्हता. ही तिची निंदा नाही, नाव सांगावं तशी तिची ओळख सांगते आहे. गवळी दूध घेऊन आला की ती आधी बोट बुडवायची, थेंब नखावर धरून कसा ओघळतो ते पाहायची, मग दुधाचं भांडं, गंज, पुढे करायची. मुकुटबनच्या बाजारात दुकानदारानं तराजू धरला की बाकी बाया काट्याकडे बघत, माय त्याच्या करंगळीकडे बघे. भाकरी टोपल्याखाली झाकली की भोवती राखेची बारीक रेघ ओढून ठेवी, म्हणजे भाकरीपाशी मांजर आलं होतं की मी, हे तिला शेतातून परतल्यावर कळावं. बा हसायचा. म्हणायचा, "शांते, तुया मायचा यमावर बी भरोसा नाई. तो न्यायले आला तं म्हणन, थांब, आधी तुया रेडा दाखव." माय चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "दाखवाच लागन. रेड्याबिगर आला तं मी कायले जाऊ त्याच्यासंग?"

आता माझी नात दाराच्या भिंगातून बघते, साखळी लावूनच दार उघडते, नाव-गाव विचारते, आणि सगळे तिला हुशार म्हणतात. मायला मात्र लोक वहिमी म्हणत. असो. त्या वहिमाचीच गोष्ट सांगायची आहे.

आमचं गाव पैनगंगेच्या काठाला. नाव सांगत नाही, कारण यात ज्यांचा उल्लेख येईल त्यांची नातवंडं अजून तिथं नांदतात. आमची वस्ती गावाच्या उतरतीला, नदीच्या अंगाला. धम्म घेतला त्याला काही पावसाळे होऊन गेले होते. तेव्हा घरोघरचे देव फडक्यात बांधून याच नदीत सोडले होते. माय सगळ्यांच्या पुढे होती. पाण्यात गाठोडं सोडताना म्हणाली म्हणे, "इतक्या पिढ्या निवद खाल्ला, अन् एकदा बी म्हनलं नाई का पोट भरलं." म्हातारी माणसं दचकली होती. माझ्या काकीनं, म्हणजे बाच्या थोरल्या भावाच्या बायकोनं, कानाला हात लावले होते. काकी धम्माच्या सभेला पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसायची, पण मांजर आडवं गेलं की परत फिरायची.

पुराच्या साली बा गावातल्या चार जणांबरोबर नदीपलीकडे, तेलंगणाकडे गेला. तिकडे धानाच्या बांधीत चिखलणी-रोवणीचं काम मिळायचं. निघताना म्हणाला, "पोचलो का कार्ड धाडतो."

"कोणाच्या हातानं लिवान?" मायनं विचारलं. बाला अक्षर येत नव्हतं.

"असन कोणी लिवणारा."

"त्याचं नाव विचारून घेजा. तुमी सांगसान एक अन् तो लिवन दुसरं."

कार्ड आलं की वाचायचं काम माझं. मी शाळेत दोनच पावसाळे गेले, तेही बाहेर ओट्यावर बसून, बाकी अक्षरं गुळाच्या पुड्यांच्या कागदावर जुळवली. वस्तीतली सगळी पत्रं माझ्याकडे येत. त्या पत्रांच्या येण्याचीही एक रीत होती. शाळेचा मास्तर तोच पोस्टमास्तर. मुकुटबनहून डाकेची थैली घेऊन माणकू यायचा, कोलाम आदिवासी माणूस, उंच, काटक, कमी बोलणारा. गावातली पत्रं मास्तर ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा. आमच्या वस्तीची मात्र शाळेच्या ओट्यावर ठेवायचा आणि वर एक गोटा ठेवायचा. आम्ही जाऊन गोटा बाजूला करायचा आणि पत्र उचलायचं. कोणी काही बोलत नसे. माय तेवढी म्हणायची, "गोटा नेमका कागदाच्या मध्यात कसा ठेवते पाय. अर्धं त्यानं वाचलं असते." त्या गोट्याचा आकार मला अजून आठवतो, शेंदूर न लावलेल्या मुंजासारखा.

पूर आला तो दिवसाढवळ्या. आधी वास आला, कुजक्या पानांचा आणि ओल्या मातीचा. मग आवाज. नदीचा आवाज आम्हाला रोजचा, पण हा खालून, जमिनीतून आल्यासारखा होता, जातं दळावं तसा. माय शेणाच्या हातानं दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हे पाणी आपलं नाई. हे वरच्या गावाचं हाये." मला काही कळलं नाही. तिनं मात्र कोणाची वाट पाहिली नाही; पिठाचं मडकं डोक्यावर, शेळीची दोरी माझ्या हातात, आणि टेकडीकडे चालायला लागली. लोक हसले. थोड्या वेळानं तेच लोक आमच्या मागे पळत आले. घरं कशी गेली ते मी पाहिलं, पण लिहिणार नाही. कुडाची घरं आधी वाकतात, मग बसतात, थकलेल्या बाईसारखी. एवढंच.

टेकडीमागं जंगलखात्याचा लाकडांचा डेपो होता. सागाच्या ओंडक्यांवर टिनाचं छप्पर. तिथं आमची सगळी वस्ती राहिली. ओल्या सागाचा तो तुरट वास आजही कुठं सुतारकाम चाललं असलं की नाकात शिरतो आणि मला भूक लागते. खायला तरोट्याची भाजी, मीठ घालून शिजवलेली, आणि तालुक्याहून आलेले सरकारी लाल गहू. गावाची गिरणी पाण्यात, म्हणून ते गहू नुसते उकडायचे. मायनं पहिल्या दिवशी ते शेळीला घातले, संध्याकाळपर्यंत शेळीकडे बघत बसली, मग आम्हाला दिले. टिनावर पाऊस वाजायचा, त्यामुळे बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोललेली प्रत्येक गोष्ट सगळ्यांना ऐकू जाई. काकी ओरडून म्हणायची, "ज्या नदीत देव सोडले, त्याच नदीनं घरं नेली. कोणाच्या तोंडून काय निंगालं होतं, आठोते का कोणाले?" सगळ्या माना मायकडे वळत. माय गहू निवडत म्हणायची, "पाटलाचा वाडा बी नेला नदीनं. त्यानं कोणते देव सोडले होते?"

तशात माणकू आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात काठी. प्रत्येक ओंडक्याजवळ थांबून विचारायचा, "तू कोण? घरातलं कोण कुठं?" मास्तरनं विचारायला सांगितलं होतं. पत्ते बदलले होते ना सगळ्यांचे. घरच राहिलं नाही तर डाक कुठं द्यायची? आज मला ते कळतं. तेव्हा डेपोभर कुजबुज झाली. कोणी म्हणालं, मेलेल्यांची नावं सरकारला पाहिजेत. कोणी म्हणालं, जमीन काढून घेतील. मायनं तर सरळ सांगितलं, "सांग तुया मास्तराले, आमी इथं नाई."

माणकूनं तिच्याकडे पाहिलं. "इथंच तं हायेस."

"मी हावो. पर तू सांग, नाई."

तो हसला आणि पुढे गेला.

दुसरी कुजबुज धुराची. शाळा टेकडीवर, म्हणून ती वाचली होती. मास्तराचं घर बुडालं होतं, पण तो डाकेची थैली डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून शाळेत आला, आणि नंतरची डाकही माणकूनं पुराच्या पाण्यातून तशीच भिजत आणली, असं गावातले सांगत. आम्ही पाहिलं नव्हतं. आम्हाला दिसायचं ते एवढंच की शाळेचं दार बंद, आणि कौलांतून दिवसभर धूर निघतो आहे. तिथं कोणी स्वयंपाक करत नव्हतं. गयाबाई, आमची शेजारीण, पाणी आणायला गेली होती, तिनं दारावर थाप मारली, तर आतून मास्तर ओरडला, "आत कोणी यायचं नाही! लोकांची पत्रं आहेत!" झालं. डेपोत बातमी पसरली, मास्तर डाक जाळून राहिला. कायले जाळते? तर भिजवली म्हणून नोकरी जाईल, त्या भीतीनं. गयाबाई रडायलाच लागली. तिची एकुलती लेक रुखमा नदीच्या खालच्या अंगाला दिलेली, त्याच साली. रुखमा माझ्याहून थोडी मोठी. माझी वेणी तीच घालायची, आणि इतकी घट्ट घालायची की माझे डोळे ताणले जायचे. तिच्या गावची काही खबर नव्हती. बाची नव्हती. कोणाचीच नव्हती.

मग एका सकाळी पाऊस थांबला आणि माणकू कार्डं घेऊन आला. गोटा नाही, ओटा नाही. त्यानं ती सरळ माझ्या हातात दिली. "मास्तर तापानं पडला. तू वाच, ज्याचं त्याले दे."

कार्डं वाळून कडक झाली होती, पापडासारखी, आणि धुराचा वास येत होता. पत्त्याची बाजू वाचता येत होती. पाण्यानं पुसट झालेली नावं मास्तरनं आपल्या टाकानं पुन्हा गिरवली होती. पण मजकुराच्या बाजूला काही उरलं नव्हतं. निळं, काळं पसरलेलं, जसं काय आभाळ. पहिल्याच कार्डावर मायचं नाव. मागे सगळं जांभळं. ते शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेलं असणार, थुंकी लावून लिहायची ती पेन्सिल, पाणी लागलं की फुलते. आणि वरचा उजवा कोपरा नव्हता.

आजच्या पोरांना हे सांगावं लागेल. त्या काळी मरणाची खबर कार्डावर आली तर लिहिणारा कार्डाचा एक कोपरा फाडून धाडायचा. अक्षर न येणाऱ्यालाही हातात घेताच कळावं म्हणून. असं कार्ड घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं आणि बाहेरच फाडून टाकायचं. आम्ही देव सोडले होते, सण सोडले होते, पण हा कोपरा सोडला नव्हता. तो कोणी सोडायला सांगितलाच नव्हता.

मी ते कार्ड सगळ्यांत खाली घातलं. दुसरं कार्ड पाहिलं, कोपरा नाही. तिसरं, नाही. गयाबाईचं, नाही. मी काही बोलायच्या आतच काकीनं माझ्या हातातली कार्डं पाहिली आणि तिनं जो हंबरडा फोडला त्यानं शेळ्या दावं तोडायला लागल्या. मग सगळा डेपो. नदीनं दोन्ही काठ धुऊन नेले होते, तेव्हा सगळेच कोपरे फाटले याचं कोणाला नवल वाटावं? त्या दिवशी कोणी चूल पेटवली नाही. गयाबाईनं तर रुखमाच्या काळजीनं त्याआधीही कित्येक दिवस घास तोंडात घातला नव्हता.

बाया मायभोवती बसल्या. काकीनं एक दगड आणला. "दे हात."

मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "कायले?"

"कायले म्हंजे? बांगड्या उतरवाच लागन, बाई. देर का करतेस?"

"धम्मात हे सांगतलं नाई."

"धम्म धम्माच्या जागी. माणूस गेला ना तुया!"

"कोण म्हणते?"

काकीनं कार्ड लांबूनच दाखवलं. माय रडत नव्हती. तिच्या डोळ्यांत तेच होतं जे दूध नखावर धरताना असायचं. तिनं माझ्याकडचं एकेक कार्ड घेतलं, समोर धरलं, खाली ठेवलं. मग म्हणाली, "इतक्या गावाईतून इतक्या माणसाईनं खबर धाडली, अन् सगळ्याईनं तोच वरचा कोपरा फाडला? एक बी जण डावखुरा नाई?"

"डोक्शावर परिणाम झाला हिच्या," काकी म्हणाली.

"आधी मले त्या मास्तराचा धूर पाहू दे. मंग बांगड्या तूच फोड." आणि ती उठली. मी तिच्या मागे, आणि आमच्या मागे रडत, तोंडाला पदर लावून, डेपोतल्या सगळ्या बाया. वरात आणि मयत दोन्हीसारखी ती चाल होती.

शाळेच्या ओट्यापाशी बाया थांबल्या. तिथवरच जायची सवय. माय दोन पायऱ्या चढली, दार ढकललं आणि उंबरा ओलांडून आत गेली. आत मास्तर घोंगडीत गुंडाळलेला, डोळे लाल. "अहो बाई, आत कुठं येता! डाक आहे ही, लोकांची!"

"मायी बी हाये त्यात," माय म्हणाली. "कोपरा कुठं हाये तिचा?"

मला धुरानं आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. खाली टोपल्यांत गोवऱ्या धुमसत होत्या, आणि वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधलेल्या. सुतळ्यांवर कार्डं, पाकिटं, रोवणीला आलेल्या बगळ्यांसारखी. प्रत्येक कागद वरच्या कोपऱ्यात बाभळीच्या काट्यानं टोचून टांगलेला. आणि दाराजवळची सुतळी रिकामी होती. तिच्यावर नुसते काटे होते, आणि प्रत्येक काट्याला कागदाचा एक बारीक तुकडा चिकटलेला.

मास्तरनं आमच्या हातातली कार्डं पाहिली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "माणकू! काटे काढले नाहीस?"

माणकू कोपऱ्यात गोवऱ्या फुंकत होता. "ओढली. निंगाली."

"अरे, कोपरे फाटले सगळ्यांचे! लोकांना काय वाटलं असेल!"

माणकूनं एकदा कार्डांकडे पाहिलं, एकदा दाराबाहेरच्या रडणाऱ्या बायांकडे. त्याच्या पाड्यावर कधी कोणाला कार्ड आलंच नव्हतं. "कागद फाटला तं माणूस कसा मरते?" त्यानं विचारलं.

माय तोवर सुतळीपाशी पोचली होती. मास्तर सांगतो म्हणून ती मानणार नव्हती. तिनं एकेक काटा बघितला, एका काट्यावरचा तुकडा मास्तरनंच काढून तिच्यापुढे धरला, जांभळा. तिनं कार्ड पुढे केलं. त्यानं कोपरा लावला, तिनं कार्ड सरकवलं, दातऱ्याला दातरा बसला. दोघांची बोटं एकमेकांना लागली होती. मला वाटतं, ते दोघांनाही उमगलं नाही. मायनं श्वास सोडला, तो पार पोटातून, आणि पहिलं वाक्य म्हणाली ते हे: "काटा मधात टोचता येत नव्हता का?"

"मधे मजकूर असतो, बाई," मास्तर म्हणाला.

मग काय सांगू! बाया आत घुसल्या. त्या खोलीत आमची पावलं कधी पडली नव्हती, आणि त्या दिवशी तिथं जत्रा झाली. जिला तिला आपल्या शाईचा, निळा नाहीतर काळा, कोपरा पाहिजे. "हा माया!" "आवं, तो निया हाये, तुया काया!" काकीच्या भावाच्या कार्डाचा कोपरा मिळाला तशी ती हसायला लागली, हसता हसता खाली बसली. गयाबाईलाही मिळाला. मीच लावून दिला. चपखल बसला. ती कार्ड घेऊन नाचायचीच बाकी होती. "मायी रुखमा! मायी रुखमा जिती हाये!" तिनं ते कार्ड मायपुढे धरलं. "पाय वो, पाय, तुयाच्यानं झालं हे!"

मायनं कार्ड हातात घेतलं. सवयीनं फिरवलं, वर, खाली. आणि तिचा अंगठा खालच्या डाव्या कोपऱ्यावर जाऊन थांबला. मी तिच्या कुशीलाच उभी होते. मी पाहिलं होतं तिनं अंगठा ठेवायच्या आधी. तिथंही कोपरा नव्हता. कड सगळी विरलेली, म्हणून पटकन कळत नव्हतं. पण तिथं दातरा नव्हता, काट्याची ओढ नव्हती. कोपरा सरळ गेला होता, कोणी बोटांत धरून फाडावा तसा.

मी मायच्या तोंडाकडे पाहिलं. आता ती बोलेल, असं वाटलं. जिनं यमाला रेडा दाखव म्हटलं असतं, ती हे कसं सोडेल? पण माय म्हणाली, "व्हय बाई. बसला बराबर." आणि अंगठा न उचलता ते कार्ड गयाबाईच्या ओच्यात तिनंच खोचलं. मी मास्तराकडे पाहिलं. तो टोपल्यातल्या गोवऱ्यांकडे बघत होता. पत्ते त्यानंच गिरवले होते, प्रत्येक कार्ड त्याच्या हाताखालून गेलं होतं. त्याला ठाऊक होतं का? मला अजून वहीम आहे.

त्या संध्याकाळी डेपोत चुली पेटल्या. काकीनं कुठून तरी ज्वारीचं पीठ काढलं, आणि गयाबाईनं भाकरी थापल्या, सगळ्यांच्या, आणि तव्याजवळच बसून तरोट्याच्या भाजीबरोबर खाल्ल्या. खाताना ती रुखमाच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. माय तिच्या ताटात भाजी वाढत होती. मी भाकरी नुसती हातात धरून बसले होते. मायनं मला एक चिमटा काढला. मी खाल्लं.

पाणी उतरलं तसा बा आला, चालत, खांद्यावर चिखलानं कडक झालेली घोंगडी. "कार्ड भेटलं का?" हे त्याचं पहिलं विचारणं. मायनं त्याला पाणी दिलं, पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "काय लिवलं होतं त्यात?"

"मी बरा हावो, पाणी उतरलं का येतो."

"अन् लिवणाऱ्याचं नाव?"

बाला आठवलं नाही. ती त्यावरून कितीतरी दिवस त्याच्याशी भांडली.

त्याच हप्त्यात रुखमाच्या सासरचा माणूस आला. तो डेपोपाशी थांबला आणि आत येईना, तेव्हाच गयाबाईला कळलं.

वर्षं गेली. सरकारनं वरच्या अंगाला जागा दिली, घरं झाली. मास्तर बदलून गेला. त्याच्या जागी आलेला नवा माणूस पत्र हातात द्यायचा. गोटा तिथंच ओट्याखाली पडून होता. गयाबाई आणि माय शेजारीणच राहिल्या. मी लग्न होऊन घाटंजीकडे गेले, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. दुपार होती. दोघी अंगणात तूर निवडत होत्या. मी बाळ मांडीवर घेऊन भिंतीला टेकले होते, डोळे मिटून, त्यांना वाटलं निजली.

गयाबाई म्हणाली, "त्या दिशी तुया अंगठा होता खालच्या कोपऱ्यावर."

सुपातली तूर वाजली.

"होता ना?"

"होता."

"मंग उचलला काहून नाई?"

मायनं एक खडा वेचून फेकला. मग म्हणाली, "कित्येक दिसाची उपाशी होती तू. म्हनलं, जेवून घे."

गयाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ती उठून जाईल. पण तिनं मायच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं, त्यात बोट फिरवलं आणि म्हणाली, "खडे राह्यले तुये. दिसत नाई आता तुले." आणि मायनं निवडलेली तूर ती पहिल्यापासून पुन्हा निवडायला लागली. मायनं निवडू दिली.